आई-बाबांना, प्रिन्स रुपर्टहून

प्रिन्स रुपर्ट,
कॅनडाचा पश्चिम किनारा,
८ जून

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर इथेच राहण्याचा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, आज काय केलंस जेवायला. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आम्ही घर घेतलं. टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला नाही, इथेच. कागदांवर सह्या झाल्या, जुलैअखेर राहायला जाऊ.

दोन वर्षं इथे काढायची आणि मग ब्रॅम्प्टनला नमूमावशीजवळ, नाहीतर पुण्याला दादाजवळ, असं आपलं बोलणं झालं होतं. आईने वारज्याच्या त्या फ्लॅटच्या खिडक्यांची मापंसुद्धा पडद्यांसाठी लिहून ठेवली होती. ती टाकू नकोस गं, दादाला लागतील.

निखिलची बंदरातली नोकरी आता पक्की आहे. आशियातून येणाऱ्या जहाजांना उत्तर अमेरिकेतलं हे सगळ्यात जवळचं मोठं बंदर, त्यामुळे काम अचानक आटेल अशी धास्ती नाही. माझं म्हणाल तर बारा-तेरा हजारांच्या या गावात फिजिओथेरपिस्ट मोजकेच. जन्मभर जाळी ओढून खांदे गेलेली माणसं माझ्याकडे येतात. मी गेले तर पुढचं कोणी येईपर्यंत ती तशीच दुखणं काढत बसणार. आणि जेवढ्यात इथे अंगण आणि खाली स्वतंत्र खोली असलेलं घर मिळालं, तेवढ्यात ब्रॅम्प्टनला आम्ही फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहिलो असतो. नमूमावशीला हे मी स्वतः कळवलंय. ती रागावलेली नाही, तुम्ही तिची समजूत काढत बसू नका.

बाबा, तुम्ही मागे म्हणालात, अस्वलांच्या आणि पावसाच्या गावात लेकरं कशी वाढवणार. पावसाचं आधी सांगते. इथे वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पडतो. आपल्या चिपळूणला त्याहून जास्त पडतो, पण आपला चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो, इथला बारा महिने रिपरिपतो आणि ऑक्टोबरात सगळ्यात जास्त. समुद्रामुळे कडाक्याची थंडी मात्र नाही. बर्फ पडला तरी फार टिकत नाही, एडमंटनसारखं उणे तीस वगैरे काही नाही. घरात हीटर कायम चालू असतो, कपडे वाळवायचं मशीन आहे. आई, ओल्या कपड्यांचा वास येत नाही, शपथ. डिसेंबरात चार वाजता दिवे लावावे लागतात, ते मला पहिल्या वर्षी जड गेलं होतं. पण आत्ता जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. मुलांना झोपवायला जाड पडदे लावावे लागतात.

रविवारी आम्ही रानात चालायला जातो. पाऊस असला तरी जातो, इथे पाऊस थांबायची वाट बघितली तर कुणी घराबाहेरच पडणार नाही. गमबूट, रबरी कोट, डब्यात पोळीचे रोल आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. आमची आवडती वाट ब्यूट्झ रॅपिड्सची, साधारण पाच किलोमीटरचा फेरा. आधी हेमलॉक आणि देवदारासारखी मोठाली झाडं, फांद्याफांद्यांवर शेवाळ लोंबतंय, मग मोकळी दलदल, तिथली झाडं शंभर वर्षांची असली तरी माझ्या खांद्याएवढीच. वसंतात पाणथळ जागी पिवळ्याधमक फुलांची एक वनस्पती उगवते. आई, ती आपल्या अळूच्याच कुळातली, पानं हातभर लांब. वास मात्र फार वाईट. हिवाळाभर झोपून उठलेली अस्वलं म्हणे आधी तिची मुळं उकरून खातात. ओवी विचारत होती, आजी याचं फतफतं करेल का? मी सांगितलं, आजीला विचार. तेव्हा फोनवर विचारेल, हसू नकोस, नीट उत्तर दे.

याच वाटेवर एक अरुंद खाडी आहे. भरतीला समुद्र तिच्यातून आत घुसतो, ओहोटीला तेच पाणी उलटं बाहेर धावतं, आणि दोन्ही वेळा नदीच्या पुरासारखं उसळतं. इथे भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंत फरक पडतो. बाबा, तुम्ही गोवळकोटच्या धक्क्यावर उभं राहून तिथीवरून भरतीची वेळ सांगायचात ना, ते गणित मी ओवीला शिकवलं. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय. अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की ती सांगते, "आई, उधाण आहे, या रविवारी ब्यूट्झलाच जाऊ." तिला ते पाणी बघायचं असतं आणि मला तुम्ही आठवता. गोवळकोटावर चढताना मी दमले की तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि वर पोचल्यावर "पोरगी एकटी चढली" असं आईला सांगायचात. मला अजून वाटतं, मी एकटीच चढायचे.

आता अस्वलं. आहेत, लपवत नाही. काळी अस्वलं गावातही येतात, कचऱ्याच्या वासाने. म्हणून कचऱ्याचा डबा गाडी येण्याच्या सकाळीच बाहेर ठेवायचा, आदल्या रात्री नाही. रानात गप्प चालायचं नाही, माणसाचा आवाज आला की अस्वल आपणहून बाजूला होतं. आमची मुलं काय म्हणत चालतात माहितेय? पाढे. ईशान तेराच्या पाढ्यावर अडकतो, मग ओवी त्याच्याहून मोठ्याने म्हणते. निखिलच्या कमरेला अस्वलासाठीचा फवारा असतो, मीही वापरायला शिकलेय. लांडगे कधीकधी गावाच्या कडेला दिसतात, तेव्हा संध्याकाळनंतर मुलांना एकटं सोडत नाही. आणि तुम्ही दोघं जन्मभर वाशिष्ठीच्या मगरींच्या शेजारी राहिलात, आम्हाला पाण्याजवळ कसं वागायचं ते शिकवून मोठं केलंत. तसंच आम्ही करतोय.

हरणं मात्र सगळीकडे, रस्त्यावर, अंगणात, शाळेच्या मैदानात. मी कुंड्यांत मेथी लावली होती, एका रात्रीत साफ. गरुड तर आपल्याकडे कावळे असतात तसे विजेच्या खांबांवर बसलेले.

मुलांच्या शाळेत इथल्या मूळच्या त्सिमशियन लोकांची भाषाही शिकवतात. ईशान घरी येऊन तिच्यात आकडे मोजतो, मग मराठीत मोजतो, त्याला दोन्ही सारखेच सोपे वाटतात. मराठीची काळजी नको. घरात आम्ही मराठीच बोलतो आणि रोज झोपताना आईने रेकॉर्ड करून पाठवलेली गोष्ट लागतेच.

आता तुमच्या खोलीचं. "तुमची" असंच म्हणतेय. तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना धरायला दांडे मी आत्ताच बसवून घेतेय. खिडकीतून बंदर दिसतं. बाबांना जहाजं मोजता येतील आणि मालगाड्याही, कोकण रेल्वे पहिल्यांदा आली तेव्हा मोजायचे तशा. इथली रेल्वे १९१४ साली पूर्ण झाली. ज्या माणसाने हे गाव आणि ती रेल्वे मनात आणली, तो चार्ल्स हेज १९१२ साली टायटॅनिकवर बुडाला. त्याचा पुतळा नगरपालिकेजवळ आहे. जॅस्परपर्यंत पॅसेंजर गाडी जाते, दोन दिवस लागतात, रात्री मध्ये मुक्काम. आपण चौघं-पाचजण जाऊ. आईला हॅलिबट आवडेल, कालवणाला उत्तम, काटा मोठा आणि सहज निघतो. विमानतळ समोरच्या बेटावर आहे, बसमध्ये बसलं की बसच फेरीबोटीवर चढते. धोपावे-दाभोळची सवय आहे, घाबरायचं काही नाही.

कायमचं या असं मी म्हणत नाही. घर, झाडं, कट्ट्यावरची माणसं सोडून बाबा राहणार नाहीत, मला कळतं. मे ते सप्टेंबर या. चिपळूणचा पावसाळा इथे काढा. २०२१ च्या पुरानंतर जुलैत पाणी वाढल्याची बातमी आली की मला रात्रभर झोप लागत नाही. त्या दिवशी फोन लागत नव्हता तेव्हाचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आजही सांगत नाही. सुपर व्हिसावर, म्हणजे इथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीच्या व्हिसावर, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला आरोग्य विमा लागतो, तो आम्ही काढतोय, पैशांवरून वाद नको. मेडिकल मात्र ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच होते, त्यासाठी मुंबईला जावं लागेल, दादा गाडीने नेईल.

तोवर काही गोष्टी ऐकायच्या. बाबा, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरायच्या आत ब्लिचिंग पावडर टाकून घ्या. मागच्या वर्षी घसरलात तेव्हा "काही नाही, बसलो होतो" म्हणालात, मला आईने नंतर सांगितलं. स्लीपर बदला, तळ गुळगुळीत झालाय. गुडघ्याचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ, खुर्चीत बसून, व्हिडिओ पाठवलाय तसेच. स्कूटर पावसात काढायची नाही, बाजाराला रिक्षा. आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची. देव रागावत नाही, मी रागावते. घराचे कागद, पासपोर्ट आणि दोघांची औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत्ताच माळ्यावर चढवा, आणि ते काम शेजारच्या मंदारकडून करून घ्या. बाबांनी शिडीवर चढायचं नाही. पाणी वाढतंय असं कळलं की वाट न बघता मामाकडे वर जायचं, सामानाचं नंतर बघू.

आणि माझ्या निर्णयाबद्दल तुम्ही एकमेकांशी काय बोलाल ते मला माहीत आहे. बाबा म्हणतील, तिला तिथे सुख आहे तर झालं, आणि रात्री उठून पाणी पितील. उठू नका बाबा. मी इथे सुखात आहे, आणि तुम्ही आलात की आणखी होईन.

मुलांचे नमस्कार. निखिल वेगळं लिहितोय.

तुमची,
मनू

ता. क. बाबांची तीन महिन्यांची साखर तपासायची राहिलीय. या सोमवारी जा आणि रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी पाठवा. येताना तिरफळं आणि आमसुलं आणायची, आईने यादी करायला घ्यावी.