वापरलेला एप्रन न धुता परत पाठवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आम्ही शिवलेला एप्रन कुंभारकामात मातीने माखल्यावर तुम्ही तसाच, शिंप्याच्या खडूने खुणा करून परत पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण स्वतः वस्तू घडवून विकणाऱ्यांसाठी कपडे शिवणाऱ्या कुणालाही त्या खुणा उपयोगी पडतील.

‘छान आहे, पण जड वाटतो’ एवढ्यावर कटिंग मास्टर काय करणार? फार तर कापड पातळ करेल. तुम्ही मात्र लिहिलंत की कुंभाराच्या चाकावर बसलं की मान भरून येते, उभ्याने भांड्यांना ग्लेझ (चकाकीचा लेप) लावताना येत नाही. त्या एका वाक्याने कापड दोषमुक्त झालं. ३४० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३४० ग्रॅम वजनाचा) कॅनव्हास, ९० बाय ७० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २१५ ग्रॅम. तो २४० जीएसएमचा केला तर ६३ ग्रॅम वाचतात आणि चिखलाचं पाणी आत झिरपतं ते वेगळंच. खरं कारण ताण. चाकाच्या दोन्ही बाजूंना गुडघे फाकले की खालचा घेर ताणला जातो, तो छातीचा भाग खाली ओढतो आणि सगळी ओढ गळ्यातल्या पट्टीवर येते.

म्हणून आता खालून वर ४५ सेंटिमीटर उभी चीर दिली आहे. दोन पदर एकमेकांवर १२ सेंटिमीटर चढतात, नाहीतर नेमका मधल्या फटीतून चिखल मांडीवर पडतो. चीर जिथे संपते तिथूनच कापड फाटायला सुरुवात होते. तिथे आतून ठिगळ आणि वरून बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची पक्की शिवण, घातलाय. गळ्यातली अडीच सेंटिमीटरची निवार पट्टी काढली. ती गुंडाळली जाऊन दोरीसारखी काचते. त्याऐवजी त्याच कापडाच्या चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या पाठीवर फुलीसारख्या जातात, भार खांद्यांवर येतो. छातीवरची धातूची कडी आपोआप गेली, त्यामुळे अर्धवट सुकलेल्या भांड्याच्या काठावर तिचे ओरखडे पडायचा प्रश्नही मिटला.

फुलीच्या पट्ट्यांना एक खोड आहे: त्या सैल करता येत नाहीत. कापड पाच टक्के आटलं तर ९० सेंटिमीटरमागे साडेचार सेंटिमीटर जातात, आणि एप्रन काखेत धरतो. पट्ट्या ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या लांबीतल्या उभ्या धाग्यांच्या, दिशेने कापलेल्या असतात आणि बहुतेक कापड त्याच दिशेने जास्त आटतं. तेव्हा प्रत्येक ताग्यातून तुकडा घेऊन त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखावा, धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मोजावा, आणि सगळं कापड कापण्याआधीच धुऊन घ्यावं. शिवल्यानंतर आटलं तर पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात.

पोटावरच्या खिशाभोवती तुम्ही काढलेलं वर्तुळ आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. ओघळ थेट त्यात उतरतो, वाळतो आणि त्याची धूळ होते. मातीच्या धुळीत सिलिका असते, वर्षानुवर्षं ती छातीत जाणं घातक. खिसा आता बाजूला, कमरेवर आहे, वर झाकण आहे आणि तळाच्या कोपऱ्यांत एक-एक सेंटिमीटर शिवण मोकळी सोडली आहे, म्हणजे धुताना माती वाहून जाते. एप्रन झटकू मात्र नका, सरळ पाण्यात बुडवा.

हाच पॅटर्न सगळ्यांना चालणार नाही. साबण करणाऱ्या एका ताईंना चीर नकोच आहे. त्या उभ्याने काम करतात, कॉस्टिक सोडा उडाला तर मांडी झाकलेली हवी. दोघींची सरासरी काढून छोटी चीर देणं म्हणजे दोघींचीही गैरसोय, म्हणून वरचा भाग एकच आणि खालचे घेर दोन. कापड मात्र निव्वळ सुतीच राहील. इस्त्री नको म्हणून पॉलिएस्टर मिसळा असं सांगणारे बरेच भेटतात, पण तीव्र कॉस्टिकने पॉलिएस्टर कमकुवत होतं, सूत त्यापुढे बरंच टिकतं. (रंग कोणता हवा, हे विचारणं आम्ही सोडून दिलंय. सगळे काळा मागतात, आणि पांढरी माती काळ्यावरच उठून दिसते.)

एका गोष्टीचा निर्णय अजून व्हायचा आहे. जमिनीवर उकिडवं किंवा मांडी घालून बसणाऱ्यांना ९० सेंटिमीटर लांबी जास्त होते, छातीशी कापडाचा फुगा येतो. साडीवर तर चीर उघडीच राहते. तुमच्याकडे असं बसून काम करणारं कुणी असेल, तर सोबत पाठवलेल्या दोन एप्रनपैकी आखूड त्यांना द्या. चार-पाच धुण्यांनंतर कळवा: काम कोणतं, बसून की उभ्याने, आणि नेमकं कुठे अडलं. उपाय सुचवला नाहीत तरी चालेल. परतीचं कुरियर आमच्याकडे.

आपले,
शिवणघरातले सर्वजण