एका सेकंदाचा तुकडा

नाशिक

प्रिय मंद्या,

तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. "अरे, एका सेकंदाचा तर तुकडा आहे, कोण विचारतंय?" असं तू जत्रेतल्या ढोलकीचा तुकडा न विचारता तुझ्या ट्रॅकमध्ये घेण्याबद्दल म्हणालास, आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

टिम्बालँड या अमेरिकन संगीत निर्मात्याचं वेड तूच मला लावलंस. हॉस्टेलच्या गच्चीवर हेडफोनचा एक कान माझ्याकडे देऊन "थांब, आता येईल बघ" म्हणायचास, आणि अमेरिकन गायिका आलियाच्या 'आर यू दॅट समबडी'मध्ये ते तान्हं बाळ हुंकारायचं, नेमकं तालात. १९९८ सालचं गाणं ते. मग २००१ मध्ये रॅपर मिसी एलियटचं 'गेट यर फ्रीक ऑन' आलं. व्हर्जिनियातला हा माणूस तुंबी या पंजाबी एकतारी वाद्याच्या मोजक्या सुरांवर अख्खं गाणं उभं करतो! पुढे जे-झी, नेली फर्टाडो, जस्टिन टिम्बरलेक, ज्याच्यासोबत बसला त्याचा आवाजच त्याने बदलून टाकला. असा कान लाखात एखाद्याला असतो, हे मी आजही मानतो.

पण त्याच्यावरचे खटले मी या आठवड्यात नीट वाचून काढले. त्यातला एक आपल्या घरातलाच आहे. 'आराधना'तलं 'बागों में बहार है' आठव. रफीसाहेब एकेक प्रश्न विचारतात, लतादीदी प्रत्येकाला 'है' म्हणतात, आणि प्रेमाचा प्रश्न आला की 'ना ना ना'. माझी आई पोळ्या लाटताना दोन्ही बाजू एकटीच गायची. त्या गाण्याचा जेमतेम एक सेकंद टिम्बालँडने २००५ मध्ये द गेम या रॅपरच्या गाण्यात घेतला. सारेगामा या रेकॉर्ड कंपनीने फ्लोरिडात दावा लावला आणि २०११ मध्ये अपिलातही हरली. का, माहितीय? १९६७ साली चित्रपटाच्या निर्मात्यांशी झालेल्या कराराचा अर्थ लावून कोर्टाने सांगितलं की त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आता कंपनीकडे राहिलेलाच नाही.

जे-झीच्या 'बिग पिंपिन'चंही तेच. त्यातली बासरी इजिप्तच्या बालिग हमदीच्या १९५७ सालच्या 'खोसारा खोसारा' या चालीतली. टिम्बालँडने २००१ मध्ये एका कंपनीला १ लाख डॉलर दिले होते. हमदीच्या पुतण्याने २००७ मध्ये दावा लावला, २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला सुनावणी झाली. न्यायाधीश म्हणाल्या की दावा लावायचा हक्कच त्याच्याकडे नाही, आणि २०१८ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. नेली फर्टाडोच्या 'डू इट'वरून फिनलंडच्या एका संगीतकाराच्या धुनेचा खटला झाला, तोही अमेरिकेतल्या कॉपीराइट नोंदणीवर अडला.

मंद्या, तिन्ही खटले तो जिंकला. पण सूर कुणाचे होते, हा प्रश्न अपिलात एकदाही निर्णायक ठरला नाही. निकाल लावले ते कागदांनी. 'आराधना'च्या खटल्यात दोन कंपन्यांचे कागद बोलले, आणि गळा ज्यांचा, त्यांना कुणी विचारलंच नाही. हेच मला खुपतं. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लतादीदी साठच्या दशकात भांडल्या होत्या, रफीसाहेबांना ते पटलं नव्हतं, आणि त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच थांबवलं होतं. समेट झाल्यावरचं हे गाणं! आपल्याकडच्या कायद्यात गायकांच्या वाट्याची नीट सोय व्हायला २०१२ उजाडलं.

आता तुझ्या ढोलकीबद्दल. जत्रेत मोबाइलवर रेकॉर्ड केलेला तो तुकडा तू मला पाठवलास, मी तो वीस वेळा ऐकला. थापेनंतर बोट कातड्यावर घासून ते ढोलकीवाले जे घुमवतात ना, तिथे माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या ट्रॅकचा जीव तिथेच आहे, आणि तुलाही ते ठाऊक आहे. तू तो तुकडा उलटा फिरवशील, वेग बदलशील, कुणाला ओळखूही येणार नाही. पण ते बोट त्यांचंच राहणार.

टिम्बालँडसारखा ट्रॅक कर, जरूर कर. फक्त आधी त्यांच्या गावी जाऊ. मी येतो सोबत, गाडी माझी. हेडफोन त्यांच्या कानाला लावू, ट्रॅक ऐकवू आणि विचारू. हो म्हणाले तर त्यांचं नाव आणि त्यांचा हिस्सा साध्या मराठीत कागदावर लिहून एक प्रत त्यांच्याकडे ठेवू. नाही म्हणाले तर तुकडा काढून टाक.

येत्या रविवारी मी मोकळा आहे. सकाळी सहाला निघालो तर दुपारच्या आत पोचू. कळव.

तुझा,
अव्या