रॉक गाण्याच्या चित्रीकरणासाठी हवे आहेत : जनरेटर, काळे पडदे आणि एक उभी बस

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातील विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एका मराठी रॉक गाण्याचे चित्रीकरण येत्या नोव्हेंबरात, पाऊस पुरता ओसरल्यावर, तीन दिवसांत करायचे आमच्या ग्रामवाचनालयाने ठरवले आहे. पणजीहून गावाकडे येणारी रात्रीची शेवटची बस गाठण्याची धडपड हा गाण्याचा विषय. दोन इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि दुसऱ्या कडव्यानंतर घुमट, म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडे ताणलेले आपले गोव्याचे वाद्य. शब्द, चाल, ध्वनिमुद्रण सगळे मुलांचेच, त्यामुळे हक्कांपोटी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. खर्च 70,000 रुपये धरला आहे, त्यातले 18,000 मुलांनी जमवले. उरलेल्या 52,000 साठी हे आवाहन आहेच. पण त्याआधी ते वस्तूंसाठी आहे. लागणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्याच नाट्यमंडळांच्या पेट्यांत आणि जत्रेच्या सामानात वर्षभर पडून असतात.

अशा चित्रीकरणात आवाज नव्याने टिपायचा नसतो. तयार गाणे स्पीकरवर लागते, मुले त्यावर ओठ आणि हात जुळवतात, आणि संकलनात मूळ ध्वनिमुद्रण चित्राला जोडले जाते. म्हणून भाड्याचा सायलेंट जनरेटर नको; जत्रेत दुकानांना वीज पुरवणारा धडधडणारा, 7.5 केव्हीए क्षमतेचा असला तरी चालेल. तो सभागृहापासून 30 मीटर लांब ठेवू. तेवढ्या अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडते आणि दिवे पिवळे होतात. केबल पूर्ण उलगडूनच वापरायची. गुंडाळी तशीच ठेवून भार टाकला की ती आतून तापते आणि वरचे प्लास्टिक वितळते.

नाटकाचे 1000 वॉटचे हॅलोजन सहा हवेत, शक्यतो स्टँडसकट. चार जनरेटरवर लागतील, दोन सभागृहाच्या लाइनवर. 16 अँपिअरच्या एका सॉकेटमधून 230 व्होल्टला साधारण 3,600 वॉट मिळतात. तिथे दोन हॅलोजन आणि 1500 वॉटचे धुराचे यंत्र लावले की हद्द झाली. स्पीकर वेगळ्या सर्किटवर, नाहीतर फ्यूज उडताच गाणेही थांबते आणि अख्खा टेक, म्हणजे एका दमात केलेले चित्रण, फुकट जातो. कुणी आपुलकीने घरचे एलईडी फ्लडलाइट आणू नयेत. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, आणि स्वस्त एलईडी तिच्याबरोबर लुकलुकतो. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र पट्टे सरकताना दिसतात. त्यासाठीच आम्ही सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे) आणि 1/50 सेकंदाचे शटर ठेवणार आहोत.

25 चौकटींचा आणखी एक फायदा आहे, आणि मुलांनी तो गाणे बांधतानाच साधला. गाण्याची लय मिनिटाला 125 ठोके. म्हणजे एका ठोक्याला बरोबर 12 चौकटी, चार ठोक्यांना 48. ठोक्यावर चित्र तोडायचे तर ते नेमके तिथेच तुटते, अर्धी चौकट इकडे-तिकडे होत नाही. लय 120 असती तर प्रत्येक ठोका साडेबारा चौकटींचा झाला असता.

पहिला दिवस सभागृहातला, वाद्यवृंदाचा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असते, म्हणून दुपारी 1 ते 8 अशी वेळ धरून खिडक्या काळ्या करू. त्यासाठी नाटकाचे काळे पडदे किंवा जाड काळा कपडा, एकूण 60 मीटर तरी, हवा. गाणे 3 मिनिटे 35 सेकंदांचे. पूर्ण मंचाचे 2 टेक, गायिकेचे 3, ड्रमचे 3, दोन्ही गिटारांचे मिळून 2, बेसचे 2, घुमटाचे 2, असे 14. मधली जुळवाजुळव धरून प्रत्येकी 12 मिनिटे, शिवाय कोन बदलताना दिवे हलवायला सहा वेळा वीस-वीस मिनिटे. पाच तास सहज जातात.

सर्वांत जास्त घोळ स्पीकरच्या जागेचा होतो. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. स्पीकर 15 मीटरवर ठेवला तर गाणे मुलांपर्यंत एका चौकटीहून जास्त उशिरा पोहोचते आणि ओठ मागे पडू लागतात. म्हणून वायरचे दोन मॉनिटर स्पीकर मुलांपासून 3 मीटरच्या आत हवेत. ब्लूटूथ स्पीकर त्यांच्या जोडीला मुळीच नको, तो उशिरा वाजतो आणि दोन गाणी ऐकू येतात. ड्रमरने खरोखर वाजवले तर बाकीच्यांना गाणेच ऐकू येत नाही, आणि नुसता हवेत हात फिरवला तर खोटेपणा लगेच दिसतो. उपाय साधा आहे : स्नेअरवर (संचातल्या खणखणीत छोट्या ड्रमवर) घडी केलेला टॉवेल, झांजांना खालून टेप, आणि काठी पूर्ण जोराने.

घुमटाचे दोन सारखे नग हवेत. माती आहे, एक फुटला तर पुढच्या टेकला तसाच दुसरा लागेल. दमट हवेत कातडे सैल पडले तरी चिंता नाही, आवाज आधीच टिपलेला आहे. मात्र घोरपडीच्या कातड्याचे जुने घुमट कृपया आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. बकरीच्या कातड्याचेच द्यावे.

दुसऱ्या दिवशी बस लागेल. ती चालवायची नाही! संध्याकाळी 6 ते 9.30 एका मोकळ्या मैदानात उभी हवी. बाहेरून दोघेजण हातात दिवे घेऊन खिडक्यांच्या बाजूने मागे चालत जातात, एकजण मागच्या बंपरवर उभा राहून गाडी हलवतो, आणि पडद्यावर बस धावत असते. चालत्या गाडीत तिपाई उभी करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, आणि प्रत्येक टेकला प्रकाश तोच मिळतो. काचेवर पावसाचे थेंब हवेत तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मे-निम्मे फवारायचे. नुसते पाणी दोन मिनिटांत ओघळते. खासगी बसमालकांपैकी कुणी एक संध्याकाळ गाडी दिली तर आमची सर्वांत मोठी अडचण मिटेल.

तिसरा दिवस रस्त्यावरचा. धावण्याचा संथगती भाग सेकंदाला 50 चौकटींनी घ्यायचा आणि गाणे दुप्पट वेगाने लावायचे, म्हणजे 25 वर आणल्यावर ओठ जुळतात. गायिकेने त्या वेगाचा सराव सुरू केला आहे. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सव्वापाच ते सहा हीच खरी वेळ. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही टोकांना वाहने थोपवायला चार-चार प्रौढ माणसे हवीत, मुले नकोत. पंचायत आणि पोलीस यांच्याकडील परवानग्यांचे काम वाचनालय पाहील. ड्रोन वापरणार नाही.

पैशांचा हिशेब असा : कॅमेरा आणि भिंगांचे तीन दिवसांचे भाडे 24,000, तीस माणसांचे जेवण व भाजी-पाव 22,500, दोन हार्ड डिस्क 11,000, डिझेल व वाहतूक 8,500, धुराचे द्रव, टेप, ग्लिसरीन, बॅटऱ्या 4,000. हार्ड डिस्क दोन कशाला, असे काहींनी विचारले. दोन कॅमेऱ्यांवर पहिल्याच दिवशी सुमारे 75 जीबी होईल. कार्ड पुसण्याआधी दोन ठिकाणी प्रत नसेल आणि एक डिस्क पडली, तर मुलांची सगळी मेहनत गेली. या रकमेत काटछाट होणार नाही. जेवणाचा खर्च मात्र कमी करता येईल : एखाद्या घराने एका वेळची पेज किंवा डाळ-भात दिला तरी ते पैसे डिझेलला जातील.

18 वर्षांखालील मुलांच्या पालकांनी संमतिपत्र वाचनालयातून न्यावे व सही करून चित्रीकरणाच्या आठ दिवस आधी द्यावे. त्याशिवाय कुणालाही कॅमेऱ्यासमोर उभे करणार नाही.

देणगी आणि वस्तू वाचनालयात रोज संध्याकाळी 5 ते 7 स्वीकारू. देणगीची पावती लगेच मिळेल. वस्तूवर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावू, देताना तिचा फोटो काढू, आणि चित्रीकरण संपल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत ती घरपोच करू. काही मोडले तर भरपाई वाचनालय देईल.