ओटीपी लेकाकडे, अंगठा आजीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तासगाव तालुक्यातल्या एका गावात गेली अकरा वर्षे मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज, पेन्शनरांचे हयातीचे दाखले, दिवसभर रीघ असते. माझे एम.ए. समाजशास्त्रात झाले आहे, त्यामुळे पीएच.डी. करणारी मुले-मुली प्रश्नावली घेऊन आली की मला बरे वाटते. अलीकडे अशी मंडळी वाढली आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच असतो, डिजिटल सेवा आणि ग्रामीण समाज. त्यांच्यासाठीच हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एक संशोधक आला होता. बाकावर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्याने विचारले, "आजी, तुम्ही ऑनलाइन सेवा वापरता का?" आजी म्हणाल्या, "न्हाई बाबा, मला कुठलं येतंय त्यातलं." त्याने 'नाही'पुढे खूण केली आणि शेजारच्या माणसाकडे वळला.

आता त्या आजी आल्या होत्या कशाला? श्रावणबाळ योजनेचे पैसे दोन महिने खात्यावर आले नव्हते. आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलेय ते पाहायचे होते. त्यासाठी ओटीपी लागतो आणि आधारला नंबर लेकाचा. लेक भोसरीला कंपनीत, पहिल्या पाळीत, मोबाइल लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन येईपर्यंत आजी तिथेच बसून होत्या. त्याआधी सकाळी त्या रेशन दुकानात जाऊन आल्या होत्या. जन्मभर खुरपे धरून बोटाच्या रेघा झिजल्यात, मशीनवर अंगठा चौथ्या वेळेला उठला. म्हणजे त्या बाईचा अख्खा दिवस ऑनलाइन कामात गेला आणि संशोधनाच्या कागदावर मात्र त्या 'वापरत नाही' अशा नोंदल्या गेल्या. ज्याच्यावाचून त्यांचे काम अडले होते, तो लेक तर त्या कागदावर कुठेच नाही.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला हे कोणी शिकवलेलेच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आहे. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रमही आहे. वाङ्मयचौर्य, नियतकालिके, प्रकाशनातले गैरप्रकार हे सगळे शिकवायलाच हवे. पण डिजिटलीकरण आणि समाज या विषयात उतरणाऱ्याला सुरुवातीलाच बोट धरून नेणारा असा एक वेगळा वर्ग हवा, आणि तो विषय पक्का होण्याआधी हवा. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे येतात. समाजशास्त्र, संगणकशास्त्र, वाणिज्य, विधी या सगळ्या विभागांची मुले तिथे एकत्र बसवावीत. संगणकवाल्याला सर्व्हर कळतो, तलाठी कळत नाही. समाजशास्त्रवाल्याचे नेमके उलटे असते.

माझ्या मते या वर्गाची सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. सात आणि बारा हे गावचे दोन वेगळे नमुने आहेत, हेच माझ्याकडे आलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. जुना उतारा स्कॅन करून संगणकात ठेवणे वेगळे आणि नोंद करण्याची रीतच बदलणे वेगळे, हा फरक बाराच्या नमुन्यावर लख्ख दिसतो. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून फोटो काढून नोंद करायची असे ठरले. आमच्याकडे प्रत्यक्षात काय होते? एका मोबाइलवरून अनेक खातेदार नोंदता येतात. त्यामुळे एकच पोरगा अख्ख्या भावकीची आणि मळ्यातल्या शेजाऱ्यांची पाहणी करतो. तो पैसे घेत नाही. पण कुणाच्या रानात द्राक्ष, कुणाचे पडीक, कुणाच्या बांधाचा वाद, सगळे त्याला ठाऊक. चार वर्षांपूर्वी त्याला कोणी विचारत नव्हते, आज बैठकीत त्याच्यासाठी जागा करून देतात. यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी तो रात्रभर जागून वाचेन.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एकाने पुरावा म्हणून माझ्या नोंदवहीच्या पानाचा फोटो काढला. त्यावर लोकांची नावे आणि मोबाइल नंबर होते. मी हरकत घेतली तर म्हणाला, "सर, फक्त अभ्यासासाठी आहे." २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट ठेवली आहे, पण तीही अटींवर. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. आणि संमती इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन होत नाही. समोरच्याला कळेल अशा बोलीत विचारायचे आणि तो 'नको' म्हणाला तर वही मिटायची, याचा सराव वर्गात करून घ्यावा.

कॅलेंडरही शिकवावे. ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. कारखान्याच्या पट्ट्यात मे महिन्यात सर्वेक्षण केले, तर गावापासून लांब राहून रेशन, बँक, मुलांची शाळा सांभाळणारी ही माणसे त्यात येणारच नाहीत.

कोणी असा वर्ग सुरू केला तर माझ्या केंद्रातला खिडकीजवळचा बाक मी त्यांच्यासाठी ठेवीन. आठवडाभर नुसते बसावे. प्रश्नावली आणू नये. बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी नऊलाच यावे, कारण वाड्यावस्त्यांवरच्या बायका त्याच दिवशी येतात आणि अकराची एसटी गेली की त्यांना चालत जावे लागते.

आपला,
एक सेवा केंद्रचालक,
ता. तासगाव, जि. सांगली