'अस्सल' मोहोर लावून विकलेल्या इंद्रजालच्या अंकाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
(कंपनीचं नाव लिफाफ्यावर आहे. इथे पुन्हा लिहून त्याची जाहिरात करत नाही.)

विषय: इंद्रजाल कॉमिक्स (जुनी चित्रकथा मालिका), मराठी, '1968 ची अस्सल प्रत' या वर्णनाने विकलेली रंगीत नक्कल. पूर्ण परतावा मिळणे आणि आपल्या ग्राहक सेवेच्या वर्तनाबाबत.

महोदय,

आत्ताच फोन ठेवला. म्हणजे तुमच्या माणसाने ठेवला, मी बोलत होते. त्यामुळे ख्यालीखुशाली राहू द्या.

तुमच्या 'दुर्मिळ कप्पा' विभागातून मी वेताळाचा, म्हणजे फँटमचा, एक मराठी अंक 4,500 रुपयांना घेतला. त्यावर सोनेरी मोहोर होती आणि 'जतन श्रेणी 9.5' (दहापैकी) असं लिहिलं होतं. ही मोहोर कशावर लावायची, श्रेणी कशी ठरवायची, हे नियम तुमचेच आहेत. ते मी तुम्हाला समजावत बसत नाही. आत काय निघालं, तेवढं सांगते.

कागद पिवळा पडलेला नाही, पिवळा छापलेला आहे. पानाची कड जिथे कापली आहे तिथे आतून पांढराशुभ्र कागद डोकावतो. मधल्या पानावर पिनेच्या गंजाचा तपकिरी डाग आहे, तोही छापलेला. खरी पिन त्या डागाच्या शेजारी, नवी कोरी, चकाकत बसली आहे. पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. असल्या कागदावर असा शिक्का मारला की शाई मागच्या बाजूला उतरते, हे वाचनालयातून पुस्तक आणलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तुमच्या अंकाचं मागचं पान स्वच्छ! भिंगातून पाहिलं तर जुन्या छपाईच्या ठिपक्यांवर तुमच्या प्रिंटरचे ठिपके चढून वेताळाच्या अंगावर चौकडीचं कापड उमटलं आहे. मुखपृष्ठावर अंकाचा क्रमांक आणि किंमत असते. ती जागा आधी खरवडून मग स्कॅन केलेली दिसते.

इथवर एक वेळ मी समजू शकले असते की कुणा विक्रेत्याने तुम्हाला फसवलं आणि तुम्ही मला. पण शेवटचं पान पाहा. शेवटच्या पानावर 'पुढील अंकात' म्हणून बहादूरची जाहिरात आहे.

तुम्ही या वस्तूंचा व्यापार करता, म्हणजे बहादूर कोण हे तुम्हाला माहीत असणारच. तरी तुमच्या ग्राहक सेवेला माहीत नव्हतं, म्हणून लिहिते. आबिद सुरतींनी निर्माण केलेला, गोविंद ब्राह्मणियांनी चितारलेला, डाकूचा मुलगा असून डाकूंविरुद्ध उभा राहिलेला, केशरी कुर्ता आणि जीन्स घालणारा बहादूर. तो इंद्रजालमध्ये आला डिसेंबर 1976 मध्ये. 1968 साली त्याची जाहिरात करायची तर इंद्रजालमधल्या जादूगार मँड्रेकची जादूसुद्धा पुरली नसती. म्हणजे तुम्ही नक्कल विकली, आणि ती 1968 ची नक्कलही नाही. खोटं करायचं तर निदान साल सांभाळायचं होतं.

इंद्रजाल मार्च 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. इंग्रजीत आठशेच्या वर अंक निघाले, त्यातले निम्म्याहून जास्त वेताळाचे. आमच्याकडे येत ते मराठी. एका घरात आला की गल्लीभर फिरायचा, मुखपृष्ठ सुटायचं, आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळे मिळून रद्दीवाल्याच्या तागडीत जायचे. म्हणून तर आज साठच्या दशकातली मराठी प्रत हाताला लागत नाही. माझ्या संग्रहात नेमकी तीच वर्षं रिकामी आहेत. तुमच्या यंत्रणेला हेही माहीत होतं, कारण 'हव्या असलेल्या अंकांची यादी' मीच तुमच्या अ‍ॅपमध्ये भरली होती. यादी पाहून माल तयार केलात का, असा प्रश्न मला पडला आहे. विचारते आहे, आरोप करत नाही. सध्या तरी.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे संभाषण 'प्रशिक्षणासाठी' रेकॉर्ड होतं म्हणतात. काढून ऐकाच.

पहिला प्रश्न आला, "सरांशी बोलू शकतो का?" मी म्हटलं, कोणते सर? "ज्यांचं कलेक्शन आहे ते सर." म्हटलं, कलेक्शन माझं आहे, नाव माझं आहे, पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत. "ओके मॅडम. मुलांसाठी घेतलं होतं का?" माझा मुलगा तिशीचा आहे आणि त्याला वेताळात रस नाही. हे मी सांगितलं नाही, कारण त्याचा इथे काय संबंध?

मग मी बहादूरचं सांगितलं, शांतपणे. बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली आहेत, आवाज कुठे ठेवायचा ते मला येतं. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, 1968 काय आणि 1976 काय, दोन्ही जुनंच आहे ना."

मी विचारलं, तुमचा जन्म कधीचा? म्हणाला, 1999. म्हटलं, मग दहावीच्या गुणपत्रिकेवर जन्मसाल 2007 छापून आलं असतं तर चाललं असतं? थोडा वेळ नुसतं संगीत वाजलं. मग तो परत आला आणि एकदम दुसऱ्याच टोकाने सुरू झाला.

"मॅडम, तुम्ही पिशवी उघडली का?"
"उघडली."
"मग मिंट कंडिशन गेली मॅडम. पिशवी उघडली की रिटर्न होत नाही. पॉलिसी आहे."
"पिशवी न उघडता आत काय आहे ते कसं कळणार?"
"मोहोर बघायची. मोहोर असली की अस्सल."
"आणि मोहोर खोट्या मालावर लावलेली असेल तर?"
"तर पिशवी न उघडता परत पाठवायचं."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तुमच्या कार्यालयात कुणी वकील असेल तर त्याला हे वाचायला द्या, आणि त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

मी पुन्हा विचारलं, न उघडता खोटं कसं ओळखायचं? त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुम्हाला वाचायचंच होतं ना? स्टोरी तर तीच आहे."

महोदय, स्टोरी मला पाठ आहे. कवटीच्या गुहेपासून डायनापर्यंत सगळं पाठ आहे. गोष्ट वाचायला मी 4,500 रुपये देईन असं तुमच्या माणसाला वाटत असेल, तर तुम्ही काय विकता हे तुमच्याच लोकांना माहीत नाही. मी त्या कागदाचे पैसे दिले होते. 1968 मध्ये छापलेल्या, कुणाच्या तरी घरून रद्दीत जाता जाता वाचलेल्या कागदाचे.

शेवटी माझी 'गैरसोय' झाली म्हणून त्याने मला तुमच्या अ‍ॅपमधली दोनशे नाणी देऊ केली. महिनाभरात वापरायची, तीही 'दुर्मिळ कप्पा' सोडून! मी वरिष्ठांचं नाव विचारलं. "और कुछ हेल्प, मॅडम?" आणि फोन बंद. सांगलीच्या बाईशी मराठीत सुरू झालेलं बोलणं हिंदीत जाऊन कापलं गेलं.

या सगळ्याचं मला आश्चर्य वाटायला नको होतं. तुमचं बातमीपत्र मी सभासद असल्यापासून वाचते. 999 रुपये वार्षिक वर्गणीत तेही येतं आणि त्यात सगळ्या जगाच्या बातम्या असतात. हिंदी कॉमिक्समधल्या नागराजवर तुम्ही लांबलचक लेख छापलात, 1986 पासूनचा सगळा इतिहास सांगितलात, आणि सुरुवातीचे अंक ज्यांच्या हातून उतरले त्या पुण्याच्या प्रताप मुळीकांचं नाव कुठेच नाही. कळवलं, तर 'तुमच्या प्रतिसादाबद्दल आभार' असं उत्तर आलं. ते चालवून घेतलं.

पण फनस्कूल या खेळणी कंपनीच्या 'जी. आय. जो' या सैनिक बाहुल्यांबद्दल जे लिहिलंत ते आठवतं का? 'परदेशी खेळण्यांची स्वस्त देशी नक्कल.' त्या बाहुल्या मूळ अमेरिकी कंपनी हॅस्ब्रोच्या रीतसर परवान्याने, त्यांच्याच साच्यांतून इथे निघालेल्या. रंग इथले वेगळे पडले, म्हणून तर अमेरिकेतले संग्राहक आज त्या शोधत फिरतात. म्हणजे खरा माल तुम्हाला नक्कल वाटतो, आणि स्वतःच्या प्रिंटरवरची नक्कल अस्सल वाटते. ही नजर घेऊन तुम्ही मोहोर लावता.

आणि तुमचा तो आवडता मथळा: 'तुमच्या माळ्यावरही कोटी रुपये असू शकतात!' एप्रिल 2024 मध्ये अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जून 1938 चा, सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो, 60 लाख डॉलरला गेला. ती बातमी तुम्ही आठवडे न् आठवडे फिरवलीत. त्या अंकाची श्रेणी 8.5 होती, आणि ती विकणाऱ्याने नव्हे, श्रेणी ठरवणाऱ्या त्रयस्थ कंपनीने दिली होती. माझ्या अंकाला तुम्ही 9.5 दिलेत. स्वतःच छापायचं आणि स्वतःच गुण द्यायचे, मग साडेनऊवर का थांबलात? दहापैकी दहा द्यायचे. कोण विचारणार होतं? पिशवी तर उघडायचीच नाही.

वाईट याचं वाटतं की सुरुवातीला तुम्ही असे नव्हता. तुमच्याकडून घेतलेल्या जुन्या 'चांदोबा'च्या अंकांसोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी यायची: अमुक पान फाटलेलं आहे, तमुक पानावर पेनाने मिशा काढल्या आहेत. श्रेणी नाही, मोहोर नाही, पण जे लिहिलं ते खरं असायचं. ते अंक अजून माझ्याकडे आहेत, मिशांसकट. ती चिठ्ठी लिहिणारा माणूस तुमच्याकडे अजून असेल तर हे पत्र आधी त्याला वाचायला द्या. नसेल, तर का नाही, याचा विचार करा.

आता मागण्या.

4,500 रुपये आणि पाठवणीचा खर्च पूर्ण परत करा. नाण्यांत नको, खात्यात. ज्या विक्रेत्याकडून किंवा ज्या टेबलावरून हा अंक आला, तिथून आलेले इतर मराठी अंक विक्रीतून काढा. ज्यांना विकलेत त्यांना कळवा, त्यांची यादी तुमच्याकडे आहे. आणि 'पिशवी उघडली की परतावा नाही' हा नियम अस्सलपणाच्या तक्रारींना लागू नाही, असं लेखी द्या. पिशवी उघडल्याशिवाय खोटं कळत नाही, हे मी वर लिहिलं आहे, पुन्हा लिहिते, कारण फोनवर ते तिसऱ्यांदाही पोचलं नाही.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचं निराकरण करायचं असतं. त्या अधिकाऱ्याचं नाव तुमच्या अ‍ॅपवर मला सापडलं नाही. सापडायला हवं, असंही तेच नियम सांगतात. उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ती तक्रार मला इथे, सांगलीत, माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. तारखेला तुम्हाला इकडे यावं लागेल. मी निवृत्त आहे, मला सवड आहे. एक भिंग आणि खरे पिवळे पडलेले चार अंक घेऊन मी येईन, आणि आयोगाच्या सदस्यांपैकी कुणी ना कुणी लहानपणी वेताळ वाचलेला असेलच.

धमकी समजायची असेल तर समजा.

उत्तर मराठीत द्या आणि खाली माणसाचं नाव असू द्या. 'ग्राहक आनंद विभाग' असं नको.

आपली,
'हेरिटेज' सभासद (वर्गणी संपेपर्यंत), सांगली

ता. क. अंक परत मागवण्यासाठी कुरिअरचा माणूस पाठवू नका. तो अंक आता पुरावा आहे. पैसे आधी येऊ द्या, मग हवा तर घेऊन जा. पिशवी मात्र उघडलेलीच मिळेल.