गाठ एक, बाटल्या दोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर वाचकांची जी प्रश्नोत्तरे येतात, त्यांत ‘बायोप्सी (तपासणीसाठी शरीरातला तुकडा काढणे) टाळता येणार नाही का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतो. उत्तर देणारे डॉक्टर बहुधा बायोप्सी सुरक्षित असल्याचा दिलासा देऊन थांबतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे असे तुकडे तपासण्याचे, काम अनेक वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, खरी अडचण तुकडा काढण्यात फारशी नसते. काढलेला तुकडा कोणत्या बाटलीतून आणि कोणत्या माहितीसह प्रयोगशाळेत पोहोचतो, यात ती असते. अवघड दुखण्याचे निदान पुष्कळदा तिथेच लागते किंवा तिथेच हुकते.

मानेतल्या गाठीचेच उदाहरण घेऊ. तरुण रुग्णाला संध्याकाळचा ताप येतो, वजन उतरते, मानेत गाठ हाताला लागते, आणि सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा क्षयरोग येतो. आपल्या देशात तो यावा, यात काही चूक नाही. सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीच्या, म्हणजे एफएनएसीच्या, रिपोर्टवर ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस’ हे शब्द आले की घरचे ‘टीबी निघाला’ असे म्हणतात आणि सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. वास्तविक त्या शब्दांचा अर्थ एवढाच असतो की, गाठीत संरक्षक पेशींचे पुंजके दिसले. असे पुंजके क्षयरोगात दिसतात, सारकॉइडोसिस नावाच्या आजारात दिसतात, काही बुरशींच्या संसर्गात दिसतात, आणि हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगातही मूळ रोगाच्या शेजारी दिसू शकतात. हॉजकिनची ओळख पटवणाऱ्या रीड-स्टर्नबर्ग पेशी गाठीतल्या एकूण पेशींच्या मानाने अगदी थोड्या असतात. सुईत त्या आल्याच नाहीत, तर पाहणाऱ्याच्या पदरी फक्त पुंजके पडतात. चार विटा पाहून वाड्याची बांधणी सांगता येत नाही, तसे सुट्या पेशींवरून गाठीची रचना सांगता येत नाही. त्यासाठी गाठ अख्खी, तिच्या आवरणासह काढावी लागते.

याच वाटेवर आणखी एक रोग चकवा देतो. जपानमध्ये १९७२ साली किकुची आणि फुजिमोतो या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो बहुधा तरुणांना, आणि त्यातही मुलींना अधिक होतो. ताप येतो, मानेत दुखरी गाठ येते, आणि बहुतेकदा काही महिन्यांत सारे आपोआप ओसरते. सूक्ष्मदर्शकाखाली मृत पेशींचा चुरा आणि त्याभोवती चंद्रकोरीसारख्या केंद्रकाच्या पेशी दिसतात, पण तिथे अपेक्षित असलेल्या न्यूट्रोफिल पेशी मात्र दिसत नाहीत. हे चित्र ओळखले गेले नाही, तर एखादी मुलगी विनाकारण क्षयरोगाची औषधे घेत राहते, आणि ताप आपोआप उतरल्यावर औषध लागू पडले असे सर्वांचे समाधानही होते! उलट, अशा काही रुग्णांत पुढे ल्युपस हा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार डोके वर काढतो, त्याकडे लक्ष ठेवायचे राहून जाते.

आता बाटल्यांविषयी. शस्त्रक्रियागृहात काढलेली गाठ सवयीने सरळ फॉर्मॅलिनमध्ये टाकली जाते. ऊती जशीच्या तशी टिकवून धरण्यासाठी फॉर्मॅलिन लागतेच. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवे, कारण ते ताशी सुमारे 1 मिलिमीटर एवढ्याच वेगाने आत झिरपते. परंतु त्यात जंतूही मरतात. अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली की कल्चर करण्याचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याचा, मार्ग कायमचा बंद होतो, आणि शासकीय क्षयरोग कार्यक्रमात मोफत होणारी सीबीनॅट तपासणीही भरवशाची राहत नाही. क्षयरोग आहे का, आणि असल्यास रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सीबीनॅट काही तासांत देऊ शकते. पण तिला ताजा तुकडा हवा. म्हणून गाठ निर्जंतुक पद्धतीने दुभागून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये, दोन वेगळ्या बाटल्यांत पाठवावा. खर्च म्हणाल तर एका जादा बाटलीचा.

बाटली रुंद तोंडाची असावी, हेही सांगायला हवे. ताजी ऊती मऊ असते, ती इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीतही कोंबता येते. फॉर्मॅलिनमध्ये ती ताठरली की बाहेर निघत नाही, मग बाटली फोडावी लागते आणि काचेचे कण तुकड्यात रुततात. पुढे तो तुकडा अल्कोहोल, झायलीन आणि मेण अशा टप्प्यांतून जातो, मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो, आणि मायक्रोटोमवर त्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घेतात. काचेचा एक कण पात्याला लागला तरी काप चिरत जातो. चिमट्यात चेंगरलेल्या तुकड्याचीही तीच गत. पेशी अशा पिचतात की लिम्फोमा आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगणे कोणालाही जमत नाही.

दोन बाटल्यांचा हा नियम क्षयरोगापुरता नाही. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे तथाकथित काळ्या बुरशीचे, असंख्य रुग्ण पाहिले. त्या वेळी नाकातल्या ताज्या तुकड्याची केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुधवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) तपासणी काही तासांत बुरशी दाखवत असे, तर फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावरून ती रक्तवाहिन्यांत शिरली आहे का, हे कळत असे. मूत्रपिंडाच्या बायोप्सीतही इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे साठलेली प्रतिपिंडे चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या तपासणीसाठी, तुकडा वेगळा ठेवावा लागतो, एरवी आयजीए नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजारासारखे निदान हातचे निसटते.

पाठवायच्या फॉर्मविषयी मी अधिक आग्रही आहे. ‘मानेतील गाठ, टीबी?’ एवढ्या तीन शब्दांवर आलेले नमुने मी अगणित पाहिले आहेत. ताप किती दिवसांचा, एचआयव्ही तपासणी झाली का, क्षयरोगाची औषधे आधी घेतली होती का, आणि मुख्य म्हणजे स्टिरॉइड चालू आहे का, हे कळले नाही तर निम्मी लढाई अंधारात होते. स्टिरॉइडने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात. रुग्णाला चार दिवस बरे वाटते, गाठ आक्रसते, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात रोगाचा मागमूस राहत नाही. मेंदूतल्या लिम्फोमात तर हे विशेष घडते. हाडाच्या गाठीची बायोप्सी एक्स-रे सोबत असल्याशिवाय वाचू नये, हा आमच्या शाखेतला जुना दंडक आहे, कारण जुळू पाहणाऱ्या मोडक्या हाडातल्या नव्या पेशी कर्करोगाचा हुबेहूब आव आणू शकतात.

ऊती एकच, पण प्रश्न नीट विचारला तर उत्तर बदलते, याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. मुंबईत 1941 साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. कर्करोगाबरोबर त्यांनी कुष्ठरोगाचाही सखोल अभ्यास केला. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमावर वाढत नाहीत, त्यामुळे तिथे बायोप्सीचे मोल आणखीच वाढते. त्वचेतले पुंजके मज्जातंतूच्या कडेने पसरलेले दिसले की पाहणारा सावध होतो आणि फाइट पद्धतीचे, कुष्ठरोगाचे जंतू रंगवून दाखवणारे, विशेष रंजन मागवतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या रुग्णाच्या फॉर्मवर ‘चट्ट्याला संवेदना नाही’ एवढे एक वाक्य असले तर हे रंजन पहिल्याच दिवशी होते. नसले तर आठवडा जातो.

आमच्या बाजूचा दोषही सांगतो. रिपोर्टच्या तळाशी ‘रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे’ असे वाक्य असते आणि ते लोकांना हात झटकल्यासारखे वाटते. कधी कधी ते तसे असतेही. ज्या पॅथॉलॉजिस्टला शंका आहे त्याने फोन उचलून शल्यचिकित्सकाशी बोलावे, हा त्यावरचा उपाय. छापील वाक्याने तो होत नाही.

सुई लागली की गाठ चिघळते आणि कॅन्सर पसरतो, या समजुतीविषयी थोडक्यात लिहितो. सुईच्या मार्गात रोग रुजण्याचा धोका असतो, पण तो फार विरळा, आणि हाडाच्या गाठीसारख्या ठिकाणी सुईचा मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेत काढता येईल असाच आखतात. वृषणातल्या गाठीला मात्र सहसा सुई लावत नाहीत. कुठे लावायची आणि कुठे नाही, हे डॉक्टर जाणतात. त्या भीतीपोटी महिनोन् महिने अंदाजाने औषधे घेण्यातला धोका कितीतरी मोठा आहे.

शेवटी मेणाच्या ठोकळ्याविषयी, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात. रुग्ण रिपोर्टचा कागद जपतो आणि ब्लॉक विसरतो. दुसरे मत घ्यायचे असो, लिम्फोमाचा प्रकार ठरवण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरची विशिष्ट प्रथिने रंगाने ओळखणारी तपासणी) करायची असो, की स्तनाच्या कर्करोगात हार्मोन रिसेप्टर तपासायचे असोत, नवे काप त्याच ब्लॉकमधून घेतात आणि बहुतेक वेळा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही. प्रयोगशाळा ब्लॉक कायमचे सांभाळत नाहीत, म्हणून मोठ्या रुग्णालयात जाताना ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्याव्यात, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत, कारण ते मेणच आहे. हे मागणे सोपे व्हावे म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागाने शासकीय रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डावर बायोप्सी क्रमांक आणि प्रयोगशाळेचे नाव यांसाठी वेगळा रकाना छापावा, आणि बायोप्सीच्या फॉर्मवर ‘स्टिरॉइड चालू आहे काय?’ व ‘सलाईनमधील नमुना पाठवला काय?’ हे दोन प्रश्न घालावेत, अशी माझी सूचना आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सांगली