चार्जर नुसता असून भागत नाही

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आईला घेऊन विजेच्या गाडीने पुण्याहून चिपळूणला निघालो. कराडजवळ २२ टक्के चार्ज उरला. पुढे कुंभार्ली घाट, म्हणून एका हॉटेलच्या आवारातल्या चार्जरवर थांबलो. अ‍ॅपवर तो 'उपलब्ध' दिसत होता. प्रत्यक्षात एका चार्जरचा पडदा काळाठिक्कर, दुसऱ्यासमोर डिझेलची गाडी आडवी लावलेली. तिचा मालक जेवून येईपर्यंत पाऊण तास गेला. मग नवे अ‍ॅप, त्यात आधी पैसे भरा. रेंज नाही, त्यामुळे ओटीपी येईना. वर छप्पर नाही. शहात्तर वर्षांची आई पदराने वारा घेत बसून होती, ते मला बघवत नव्हते.

रोज घरी रात्री गाडी चार्ज होते, शहरात काहीच अडत नाही. अडते ते लांबच्या प्रवासात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे, त्याचे स्वागतच. पण बंद चार्जर त्या मोजणीत धरू नका. पेट्रोल पंपासारखा तिथे माणूस हवा, आणि यूपीआयने थेट पैसे देता यायला हवेत.

– एक वाचक, पुणे